बोगद्यावरचा बांध

सांडूनाना काकड्यांनी एक बैल केवळ बोलण्यासाठी पाळला होता. देवगाव रंगारीच्या बाजारात कुणालाही विचारा, हे खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही.

नांगरट ट्रॅक्टरनं व्हायची, पेरणी ट्रॅक्टरनं व्हायची, जोडीतला दुसरा बैल केव्हाच विकून झाला होता. उरलेला चंद्र्या सकाळी नानाबरोबर शेतात जायचा, बांधाला लागून उभा राहायचा आणि संध्याकाळी परत यायचा. मधल्या वेळात त्याला एकच काम, ऐकण्याचं. कारण बांधाच्या पलीकडे नानाचा चुलतभाऊ बन्सी होता आणि बन्सीशी नानाचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे तोंडावर बोलणं बंद. सांगायचं मात्र रोजच काहीतरी असायचं. मग ते चंद्र्याला सांगावं लागे.

"चंद्र्या, काही लोकांना रातच्याला झोप लागत नाय गड्या," नाना बैलाची पाठ खाजवत मोठ्यांदा म्हणायचा. "कुदळ घेऊन हिंडत्यात. दुसऱ्याचा बांध कोरत्यात."

पलीकडे बन्सीची पंचाईत अशी, की त्यानं दोन्ही बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला. त्यामुळे त्याला ट्रॅक्टरशी बोलावं लागे. आधी इंजिन बंद करायचं, नाहीतर ऐकू जायचं नाही. मग बॉनेटवर थाप मारून तो म्हणे, "डोळे गेल्यावर माणसाला सरळ बांधबी वाकडा दिसतो बघ."

आता हा बांध म्हणजे काय, तर दोघांच्या शेतांमधली गुडघाभर उंचीची मातीची वरंबी. तिच्यावर कुंदा गवत, दोन बोरी आणि एक घूस. शेत एकाच गटाचं, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती दीड हाताची. नानाचे वडील पुंजाराम म्हणायचे, मूळचा बांध दीड हात पलीकडे होता, माझ्या भावानं नांगर घालून तो इकडे सरकवला. तो भाऊ, म्हणजे बन्सीचा बाप, म्हणायचा, बांध आहे तिथंच होता. मारुतीच्या पारावर पुंजारामनं लेकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी निम्म्या गावानं त्याला खोट्यात काढलं. ते डोकं नानाचं होतं. दीड हातात पिकून पिकून काय पिकणार, चार ताटं ज्वारी. ती ज्वारी नानाला नकोच होती. आपला बाप खोटारडा म्हणून गेला, एवढं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं, आणि बाप खोटा नव्हता हे एकदा चारचौघांत ठरावं एवढीच त्याची जन्माची इच्छा होती.

मोजणीवाले येऊन गेले नाहीत असं नाही. ते टेप ताणायला लागले की नाना बांधावर आडवा व्हायचा आणि बन्सी टेपचं दुसरं टोक धरून बसायचा. शेवटचा मोजणीवाला तर, हा गट मोजायला टेप नाही पोलीस लागतात, असं म्हणून चहा न घेताच गेला. म्हणून कागदावर गट होता, दोघांची नावं होती, पण मधली रेघ नव्हती. ती दोघांच्या डोक्यात होती आणि दोन डोक्यांत दोन होत्या.

अशा या सुखाच्या संसारात रेल्वे आली.

साधी नव्हे, वाऱ्यासारखी पळणारी. गावात सभा झाली, साहेब लोकांनी पडद्यावर चित्रं दाखवली. आपल्या खांडीच्या वाडीला बोगदा होणार म्हटल्यावर पोरंसोरं खूश झाली आणि म्हातारे चक्रावले. कारण खांडीच्या वाडीला डोंगरच नाही. एक लांबलचक चढण आहे, जिच्यावर नानाचं आणि बन्सीचं वरचं शेत होतं. साहेबानं समजावून सांगितलं, की आधी चढण उभी चिरायची, खोल चर काढायचा, त्यात सिमेंटची लांब पेटी बांधायची आणि मग त्याच्यावर माती लोटून चढण होती तशी करायची. वेरूळच्या रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्यांना इथं रेल्वे आहे हे कळूसुद्धा नये, नुसतं हिरवंगार दिसावं.

"पयल्यासारखंच करायचं तर उकरायचं कशाला?" नानानं उभं राहून विचारलं.

"काका, या गाडीला चढ चालत नाही, वळण चालत नाही. तिला एकदम सरळ लागतं. कुणासाठी बाजूला होत नाही ती."

नानानं मान डोलावली. स्वभावानं ही गाडी बन्सीवर गेलेली दिसत होती. घरी येऊन त्यानं बायकोला, भागूबाईला सगळं समजावलं. भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय येवढं? आमच्या माहेरी पेव असंच करायचे. खड्डा खांदायचा, आतून लिंपायचं, जवारी भरायची, वरून माती. यांनी जवारीच्या जागी गाडी ठेवली." साहेबाला जे पडद्यावर तासभर दाखवावं लागलं, ते तिनं तव्यावरची भाकरी उलटायच्या आत उरकलं.

तर वरचं शेत रेल्वेच्या नावावर गेलं. नानाचं गेलं, बन्सीचं गेलं, मधला बांधही गेला. नानाकडे खालच्या अंगाचा तुकडा राहिला. बन्सीनं आपला उरलेला तुकडा बटाईनं दिला आणि तो पोराकडे, सुयशकडे, संभाजीनगरला राहायला निघाला. बीड बायपासला पोरानं फ्लॅट घेतला होता.

बन्सीचा टेम्पो भरला त्या दिवशी नाना सकाळपासून चंद्र्याला घेऊन बांधावर उभा होता. त्यानं एक जोरदार वाक्य तयार ठेवलं होतं. शहरात जाणाऱ्या माणसाच्या वर्मी बसेल असं. दुपार झाली, ऊन कलंडलं. टेम्पो खालच्या रस्त्यानं धुरळा उडवत गेला आणि बन्सी बांधाकडे फिरकलाही नाही. नानानं ते वाक्य तरीही चंद्र्याला ऐकवलं. पण म्हणताना त्यात काही मजा आली नाही. चंद्र्यानं शेपटीनं माशी हाकलली.

त्या दिवसापासून नानाला करमेनासं झालं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण ज्याला तावातावानं सांगायचं तोच गेला होता.

काम सुरू झालं आणि नानाला रखवालदारीची नोकरी लागली. चरातून निघालेला मुरूम-खडक एकीकडे आणि वरची काळी माती दुसरीकडे, असं रचायचं होतं. पेटी बांधून झाली की तीच काळी माती वर पसरायची होती. काळ्या मातीवर आजूबाजूच्या ट्रॉलीवाल्यांचा डोळा असतो, म्हणून राखण हवी. नानाला चमकणारं जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली आणि पिवळं हेल्मेट मिळालं. ते त्यानं टोपीवर घातलं. टोपी काढून घालायचं म्हणजे, त्याच्या मते, ते उघड्याबोडक्यानं फिरण्यासारखंच होतं. शिट्टी तो ढगांवरही वाजवायचा.

पोकलेनवर खुलताबादचा रहीमभाई होता. गुटगुटीत, शांत, दिवसभर पान चघळणारा माणूस. पहिल्याच दिवशी नानानं शिट्टी मारून त्याचं मशीन थांबवलं.

"रहीमभाई, ही माझ्या शेताची माती. ती तिकडं टाक. आन् ही बन्सीच्या शेताची, ती हिकडं. मिसळायची नाय."

"नाना, मिट्टी तो मिट्टी है," रहीमभाई म्हणाला. "दोन्ही काळीच हाय ना?"

"माझी जास्त काळी हाय."

रहीमभाईनं मशीन बंद केलं, खाली उतरून दोन्हींची माती हातात घेतली, उन्हाला धरून पाहिली आणि पिंक टाकून म्हणाला, "हौ. तुमची जास्त काळी." त्याला संध्याकाळी वेळेत घरी जायचं होतं. मग दोन ढिगारे झाले. त्यांच्यामध्ये नानानं स्वतः दगडांची ओळ लावली, म्हणजे ढिगाऱ्यांनाही बांध घातला. खरी अडचण आली ती मधल्या वरंबीच्या वेळी. पोकलेनचं बकेट बांधाला भिडलं, कुंदा आणि बोरी मुळासकट वर आल्या, घूस कुठंतरी पळाली आणि नाना कासावीस होऊन मधे धावला.

"ही येगळी ठेव!"

"ये किस की है, नाना?"

"बांधाची."

"बांधाची म्हंजे किस की?"

"आरं त्याचाच तर वाद हाय!"

त्यामुळे दोन ढिगाऱ्यांच्या मधे एक तिसरं, छोटंसं ढिगुळं तयार झालं. त्याच्यावर नानानं घरची ताडपत्री आणून टाकली आणि चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. पाहणीला आलेल्या साहेबांना वाटलं, आत काही महागाचं यंत्र आहे. एका साहेबानं तर त्याच्या आजूबाजूला लाल-पांढरी पट्टी बांधून घेतली. नानानं ते होऊ दिलं. बांधाला आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता.

चर खोल खोल गेला. सुरुंगांनी वाडीतली भांडी फडताळावरून खाली आली. सळ्यांचे पिंजरे उभे राहिले, रात्रंदिवस सिमेंटच्या गाड्या घुरघुरल्या आणि एवढी मोठी पेटी तयार झाली की तिच्यात अख्खी वाडी झाकून ठेवता आली असती. पेटीवर काळं रबरासारखं कापड अंथरलं, त्यावर मुरूम दाबला आणि मग काळी माती परत आली. रहीमभाईनं नानाच्या डोळ्यांसमोर ती दोन्ही बाजूंनी नीट पसरली, पण रोलर फिरताना मधे कुठं तरी दोन्ही एक झाल्या. जास्त काळी कुठली ते नानालाही सांगता येईना. ताडपत्रीखालचं ढिगुळं तेवढं बाजूला राहिलं.

मग आली झेबा. चढणीवर काय लावायचं, कसं लावायचं, हे ठरवणारी. संभाजीनगरचीच, रोशन गेटकडची. पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात गुंडाळी केलेला भला मोठा नकाशा. नानाला तिनं पहिल्या भेटीत "नाना, सलाम" म्हटलं आणि ताडपत्रीखाली काय आहे ते विचारलं. नानानं सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे नानाला ती एकदम आवडली.

"नाना, मला इथं बगिचा नाही करायचा," ती म्हणाली. "कारंजी-बिरंजी काहीच नाही. जुनी शेतं होती तशी दिसली पाहिजेत. गवत राहील, आणि जिथं जिथं बांध होते ना, त्या लाइनीवर तरवड, निरगुडी, असली झुडपं. गाडी खालून जाईल आणि वरती बांध जसेच्या तसे. बाकी सगळे बांध नकाशावर मिळाले. एवढा तुमचाच नाही मिळाला."

"तो कुठंच मिळायचा नाय," नाना अभिमानानं म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला विचारते. कुठं होता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत कुणी विचारला नव्हता. समोर मोकळी चढण होती. मोजणीवाला नव्हता, टेप नव्हती, बन्सी तर पार शहरात होता. नुसता हात वर करून, तो तिथं, असं म्हटलं की संपलं. तिथं झुडपं लागणार, ती वाढणार, रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस ती ओळ पाहणार आणि बापाचा शब्द जगाच्या पाठीवर उभा राहणार. नानानं हात वर केला. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं त्याच हातानं हेल्मेट सारखं केलं.

"परवा सांगतो बाई," तो म्हणाला.

रात्री भागूबाईनं ताट वाढता वाढता त्याला फैलावर घेतलं. "दाखवून मोकळं व्हायचं हुतं ना! जल्मभर बैलाचे कान खाल्ले, आन् आता इचारायला आली तर परवा म्हणं!"

"तो नसताना दाखवला तर लोक काय म्हणतील? चोरून दाखवला म्हणतील. त्याच्या डोळ्यांदेखत दाखवीन. तो न्हाई म्हणंल, मी हाय म्हणंन, आन् मंग जागा ठरंल."

"म्हंजे करमत नाय म्हणा की सरळ," भागूबाई म्हणाली आणि आत निघून गेली. नाना बराच वेळ आमटीत भाकरी कुस्करत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून नाना निघाला. वेरूळला निम्मी गाडी उतरली, दौलताबादच्या दरवाज्यात नेहमीसारखी कोंडी झाली, समोरून ट्रक आला, मागं कुणी सरेना. नानानं सवयीनं खिशातली शिट्टी काढली आणि खिडकीतून वाजवली. कंडक्टरनं ती काढून घेतली आणि बसस्टँडवर परत दिली. तिथून रिक्षा करून, पत्ता विचारत विचारत, नाना बीड बायपासच्या त्या बिल्डिंगीपाशी पोचला. लिफ्टमध्ये तो गेला नाही. ज्या पेटीचं दार आपण न लावता लागतं तिच्यात शिरायचं नाही, असं त्याचं मत होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून तो दारात धापा टाकत उभा राहिला.

दार बन्सीच्या सुनेनं, रूपानं उघडलं. तिला कोण आनंद झाला. "अगंबाई, सांडूनाना! या ना, या! मामा, बघा तर कोण आलंय!"

बन्सी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होता. अंगात बनियन आणि खाली पोराची गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी. नानाला पाहून त्यानं उशी ओढून मांडीवर घेतली. दोघांची नजर मिळाली आणि लगेच सुटली. नाना समोरच्या खुर्चीत बसला. सांगायचं तर होतं, पण सांगायचं कुणाला? चंद्र्या गोठ्यात. त्यानं खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात काचेच्या पेटीत चार लाल मासे फिरत होते. नाना त्यांच्याकडे वळला.

"काय माशांनो, बरं हाय ना?" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "तुमच्या घरात पाव्हण्यापुढं चड्डीवर बसायची पद्धत हाय वाटतं."

बन्सीनं रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला आणि बातम्या देणाऱ्या बाईकडे बघत म्हणाला, "बाई, चपला दाराभाईर काढत्यात, हे खेड्यातल्या लोकांना जरा बातम्यांत सांगत चला."

नानानं पायांकडे पाहिलं. चपला पायात होत्या. पहिलाच डाव हातचा गेला. रूपा चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली, एकदा माशांकडे आणि एकदा टीव्हीकडे बघत.

"नाना, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाय!" दोघं एकदमच म्हणाले.

चहा झाला. नानानं माशांना सगळी हकीकत सांगितली. पेटी झाली, माती पडली, आता बांधाच्या जागी झुडपं लागणार, उद्या जागा दाखवायची, ज्याला यायचं त्यानं यावं आणि मागून रडू नये. मासे तोंडं उघडत मिटत राहिले. बन्सी टीव्हीला म्हणाला, "गुडघे दुखतात बाई. आता कशाला जातो उन्हातान्हात. ज्याला जे दाखवायचं ते दाखवू दे."

नाना पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा रूपा हळूच म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. मामांना इथं अजिबात करमत नाही. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगीची भिंत बघतात. दुपारी मी वॉशिंग मशीन लावलं की त्याच्यापाशी जाऊन बसतात. बंद झालं की थाप मारतात आणि काहीतरी बोलतात त्याच्याशी. मला तर भीती वाटते."

नानाला भीती वाटली नाही. तो पेला धुवायला लागला, जन्मात पहिल्यांदा. बाहेर येऊन, चपला घालता घालता, त्यानं माशांना शेवटचं सांगितलं.

"मंग ऐका. कुणी येणारच नसंल तर दीड हातावर कशाला थांबू? मी तीन हात पलीकडं दाखवतो. तीन!"

"तीन?" बन्सी टीव्हीला म्हणाला. बातम्यांची बाई केव्हाच गेली होती आणि तिथं साबणाची जाहिरात चालू होती. नाना थांबला नाही. जिना उतरताना त्यानं कान मागं ठेवले, पण वरून हाक आली नाही.

ठरल्या दिवशी नाना चढणीवर सकाळीच हजर होता. झेबानं मातीवर काथ्याची जाळी अंथरली होती, पावसात माती वाहू नये म्हणून, आणि जाळीवर जनावर आणायला सक्त मनाई होती. त्यामुळे चंद्र्या घरी. रहीमभाई पोकलेनच्या सावलीत पान लावत होता. झेबाच्या हातात रेघ मारायची फक्कीची बादली होती. "कसं नाना, करायचं सुरू?" असं तिनं विचारलं. नाना म्हणाला, जरा थांबा. आणखी विचारलं. आणखी जरा थांबा. खालच्या रस्त्यावर शहराकडची एसटी थांबली, दोन बाया उतरल्या, गाडी निघाली. नानानं शिट्टी तोंडात धरली होती, ती नुसतीच चावली.

गाडी पुढं सरकली तेव्हा तिच्या पलीकडच्या अंगाला बन्सी उभा होता. पोराची पँट, पायात पांढरे बूट, डोक्यावर टोपी. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत तो चढणीनं वर येऊ लागला. नाना उभा राहिला, मग उगाच बसला, मग परत उभा राहिला.

बन्सी वर आला आणि चारी दिशांना बघत राहिला. ना बोर, ना कुंदा, ना नांगराचं तास. सगळीकडे सारखी सपाट काळी माती आणि वर जाळी. नाना झेबाकडे वळून म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, की..."

"मी नाही सांगणार," झेबा म्हणाली. "ते इथं उभे आहेत, नाना. मी मधे नाही."

मग नानानं सांगायचं सोडून करायचं ठरवलं. बांबूची काठी उचलली, पावलं टाकत टाकत चढणीच्या मध्यावर आला, थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे, आणि दात खाऊन काठी मातीत रोवली. तीन हात नाही, चांगला दीड हात पलीकडे. बाप म्हणायचा तिथं. मग छाती पुढं काढून, कमरेवर हात ठेवून, तो बन्सीच्या आरड्याओरड्याची वाट पाहू लागला.

बन्सीनं काठीकडे पाहिलं. खाली बसला. जाळीतून थोडी माती काढून चिमटीत चोळली.

"असंल," तो म्हणाला.

हे आपल्यालाच म्हटलं, हे नानाला आधी कळलंच नाही. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"असंल म्हंजे?"

"म्हंजे असंल. तू म्हणतो तिथं असंल. मला काय आता त्याचं. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर. खाली कुणाची जमीन हाय तेबी म्हायती नाय."

झेबानं फक्कीची बादली उचलली. झालं होतं. पुंजाराम काकड्यांचा शब्द खरा ठरला होता, तोही भावाच्याच लेकाच्या तोंडून, चारचौघांत. नानानं उडी मारायला हवी होती. पण त्याला वाईटच वाटलं. बांध जिंकला आणि माणूस गेला. गुडघ्यावर हात ठेवून बसलेला हा म्हातारा, पांढऱ्या बुटातला, कशालाही असंल म्हणणारा, हा कोण? हा बन्सी नव्हे. असलं जिंकणं बापानंसुद्धा घेतलं नसतं.

त्यानं झेबाच्या हातातली बादली धरली. मग काठी उपटली, तरातरा चालत दीड हात अलीकडे, आपल्याच बाजूला आला आणि ती तिथं रोवली.

"तुझा बाप हितं म्हणायचा!" तो ओरडला. "हितं! पारावर छाती बडवून म्हणायचा! आन् तू आज असंल म्हणून मोकळा? सख्ख्या बापाला खोटं पाडतो? लाज नाय वाटत?"

रहीमभाईचं पान तोंडाशीच थांबलं. बन्सीनं मान वर केली. आधी कान लाल झाले, मग नाक.

"माझ्या बापाचं नाव काढू नको."

"काढणार! तुला काढता येत नाय म्हणून मी काढणार!"

बन्सी उठला. गुडघ्यावर हात न ठेवता उठला. काठी उपटली आणि नानाच्या नाकासमोर नाचवली. "आन् काढायचं तर नीट काढ! हितं नाय म्हणायचा तो. याच्याबी अलीकडं म्हणायचा! ह्ये, हितं!"

"आणखी अलीकडं? मंग माझ्या चुलीतच घाल की बांध!"

"घालीन! तुझा बाप तर माझ्या इहिरीत घालायला निघाला हुता!"

"माझा बाप शपथ घेऊन बोलला!"

"तुझ्या डोक्यावर हात ठेवून! त्या डोक्यात काय हाय म्हणून?"

काठी इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. जाळीला ठिकठिकाणी भोकं पडली. नानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ओरडत होता, आणि बन्सीचा आवाज असा लागला होता की खाली रस्त्यावरच्या बाया थांबून वर बघत होत्या. भागूबाई दुपारची भाकरी घेऊन वर येत होती. तिनं दुरून तो आवाज ऐकला, जराशी थांबली आणि आणखी भाकरी टाकायला तशीच माघारी गेली.

बऱ्याच वेळानं दोघं दमून एकाच दगडावर टेकले. झेबा बादली घेऊन पुढं आली. "नाना, लाइन कुठं मारू?"

"आज व्हत नाय बाई," नाना धापा टाकत म्हणाला. "बाकीचे बांध घ्या उरकून."

"सूनबाईला फोन लावा कुणीतरी," बन्सी टोपीनं तोंड पुसत म्हणाला. "चार दिस येत नाय म्हणावं. सांड्याकडं हाय."

"चार दिसात कुठं भागतंय?" नाना म्हणाला. "बांधाचं काम हाय बन्स्या. घाई करून चालत नाय."